मान नसलेले फुगे

मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक कडे असते. मानेतून वर चढणाऱ्या चार धमन्या तिथे एकमेकींना जोडल्या जातात आणि तिथूनच मेंदूच्या निरनिराळ्या भागांकडे फांद्या निघतात. जिथे फांदी फुटते त्या बेचक्यात रक्ताचा मारा वर्षानुवर्षे बसत राहतो, भिंतीतला लवचीक थर विरत जातो आणि तेवढाच भाग बाहेर फुगतो. हा अॅन्युरिझम. प्रौढ माणसांत शंभरात साधारण तिघांच्या डोक्यात असा फुगा असतो. बहुतेकांना तो जन्मभर कळत नाही आणि त्यांचे काही बिघडतही नाही. ज्यांचा फुटतो, त्यांच्यापैकी मात्र साधारण एक तृतीयांश माणसे वाचत नाहीत, आणि वाचलेल्यांतले कितीतरी जण पूर्वीच्या कामावर परतत नाहीत.

या नेहमीच्या फुग्याला एक घुमट असतो आणि एक मान असते. उपचार करणाऱ्याच्या दृष्टीने मान ही सगळ्यांत मोलाची जागा. कवटी उघडून आत जाणारा सर्जन मानेवर बाहेरून क्लिप लावतो. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून कॅथेटर वर नेणारा डॉक्टर घुमटात प्लॅटिनमच्या बारीक तारेची वेटोळी भरतो, आणि मान अरुंद असते म्हणूनच ती वेटोळी आत टिकतात. हत्यारे वेगळी, पण दोघांचा हेतू एकच: मान बंद करायची आणि मूळ धमनी वाहती ठेवायची.

हे पुस्तक ज्या फुग्यांविषयी आहे त्यांना धरता येईल अशी मान नाही. काहींत धमनीच चहूबाजूंनी फुगलेली असते. काहींच्या भिंतीला क्लिपचा दाब सोसत नाही. काहींची भिंत जंतूंनी पोखरलेली असते. काही इतके वाढलेले असतात की मेंदूला जगवणाऱ्या फांद्या त्यांच्याच अंगातून निघतात. एकेक प्रकार घेतला तर ही प्रकरणे विरळाच. पण सगळे प्रकार एकत्र धरले तर मोठ्या रुग्णालयात बारा महिने काम करणाऱ्या न्यूरोसर्जनच्या वाट्याला ती येत राहतात, आणि बहुधा अशा रात्री येतात जेव्हा सल्ला विचारायला जवळ कोणी नसते. महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या शहरांतल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांची लिहिलेली टिपणे इथे एकत्र केली आहेत. ती वाचण्याआधी हा विषय इथवर कसा आला आणि आज नेमका कुठे अडला आहे, हे सांगणे एवढेच या प्रस्तावनेचे काम.

या शास्त्राचा इतिहास लिहिताना नेहमी एकाच दिवसापासून सुरुवात होते: २३ मार्च १९३७, बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय. वॉल्टर डँडी यांनी त्या दिवशी एका रुग्णाच्या फुग्याच्या मानेवर चांदीची क्लिप लावली. रुग्णाच्या डोळ्याची पापणी पडली होती, कारण फुगा डोळा हलवणाऱ्या नसेवर रेलला होता. तो बरा झाला आणि 'मान बंद करा' हा धडा पुढच्या पिढ्यांनी गिरवला. पण दुर्मीळ फुग्यांवर काम करणाऱ्याने त्याहूनही मागे जायला हवे असे मला वाटते. सहा वर्षे आधी, १९३१ मध्ये, एडिंबरोला नॉर्मन डॉट यांनी फुटलेला फुगा समोर वाहत असताना रुग्णाच्याच पायाच्या स्नायूचा तुकडा त्यावर दाबून धरला आणि फुगा त्या स्नायूत गुंडाळून टाकला. तो माणूस त्यानंतर बरीच वर्षे जगला. आणि १७८५ मध्ये लंडनच्या जॉन हंटर यांनी एका घोडागाडीवाल्याच्या गुडघ्यामागच्या फुग्याला हातही न लावता, त्याच्या बऱ्याच वर, मांडीत, धमनी बांधली होती. आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांनी पाय जगवला आणि फुगा आपोआप आकसला.

गुंडाळणे आणि लांबून धमनी बांधणे, या दोन्ही युक्त्या क्लिप आल्यावर मागे पडल्या. मान नसलेल्या फुग्यांसाठी मात्र त्या पुन:पुन्हा परत आल्या आहेत. कॅनडातल्या लंडन या गावी चार्ल्स ड्रेक यांनी मेंदूच्या मागच्या बाजूच्या महाकाय फुग्यांवर हंटरचीच पद्धत वापरली. जिथे क्लिप लावणे अशक्य, तिथे फुग्याकडे जाणारी धमनी बंद करायची आणि दुसऱ्या बाजूने येणारे रक्त पुरेल का, याचा आधी कसून विचार करायचा. थोरल्यात थोरल्या फुग्यांबद्दल आपण आज जे काही खात्रीने बोलतो, त्याचा बराचसा पाया ड्रेक यांनी घातलेला आहे.

कॅथेटरच्या बाजूची परंपरा वेगळी आणि तितकीच धीट. तिची पहिली पायरी लिस्बनच्या एगास मोनीझ यांची. त्यांनी १९२७ मध्ये जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्यांचा एक्स-रे काढून दाखवला. त्याआधी फुगा कुठे आहे हे उघडून पाहिल्याशिवाय कळतच नसे. मॉस्कोच्या बुर्देन्को संस्थेतल्या फ्योदोर सेर्बिनेन्को यांना १९५९ च्या मे दिनाला लाल चौकात मुलांच्या हातातले फुगे पाहून कल्पना सुचली, की दोरीने जसा फुगा इकडेतिकडे नेता येतो तसा बारीक रबरी फुगा धमनीतून नेता येईल. त्यांनी तो नेला, हव्या त्या जागी फुगवला आणि तिथेच सोडून दिला. १९७४ मध्ये त्यांचा लेख इंग्रजीत आल्यावर जगभरचे लोक मॉस्कोकडे पाहू लागले. त्यानंतर ग्विदो गुग्लिएल्मी या इटालियन डॉक्टरांनी लॉस एंजेलिसला १९९० मध्ये पहिल्या रुग्णात प्लॅटिनमची कॉइल सोडली. सौम्य विद्युत्प्रवाहाने ती हव्या त्या क्षणी सुटी होते, आणि जागा चुकली तर त्याआधी मागे ओढून घेता येते. ज्याने ही कॉइल वापरली आहे त्याला या शेवटच्या सोयीचे मोल सांगावे लागत नाही.

मग २००२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास आला, ज्याने दोन पेशांतले भांडण मिटवले असे आपण समजतो. फुटलेल्या फुग्याच्या २,१४३ रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखे कॉइल किंवा क्लिप यांत वाटले. वर्षाने पाहिले तेव्हा कॉइलच्या गटात २३.७ टक्के आणि क्लिपच्या गटात ३०.६ टक्के रुग्ण दगावलेले किंवा परावलंबी होते. हा फरक मोठा होता आणि जगभरातली रुग्णालये त्यानंतर बदलली. पण ही आकडेवारी सांगणारे दुसरा आकडा क्वचित सांगतात. त्या २,१४३ लोकांसाठी ९,५५९ रुग्ण तपासले गेले होते. ज्यांच्या बाबतीत सर्जन आणि कॅथेटरवाला दोघेही म्हणाले की माझ्याकडूनही होईल आणि त्यांच्याकडूनही होईल, तेवढेच आत घेतले गेले. फुगे बहुतेक लहान आणि मेंदूच्या पुढच्या बाजूचे. या पुस्तकातला जवळजवळ एकही रुग्ण त्या चाळणीतून आत गेला नसता.

म्हणून दुर्मीळ फुग्यांवर उपचार करणाऱ्याच्या हातात अशा तोडीचा पुरावा नसतो. दोन हजार माणसे गोळा करून चिठ्ठ्या टाकाव्यात इतके हे रुग्ण एका ठिकाणी कधीच येणार नाहीत. इथे निर्णय त्या एका धमनीकडे पाहूनच घ्यावा लागतो: भिंत कशी आहे, कोणत्या फांद्या कुठून निघतात, दुसऱ्या बाजूने रक्त किती येते, माणूस किती वर्षांचा, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या तो नेमाने घेईल का. माझे म्हणणे एवढेच आहे की हा निर्णय एकट्याने घेण्यासारखा नाही. क्लिप लावणारा आणि कॅथेटर नेणारा यांनी एका पडद्यासमोर बसून, एकाच अँजिओग्राफीकडे बघत तो घ्यायला हवा. कोणाच्या खात्यात रुग्ण आधी दाखल झाला, यावर उपचार ठरणे ही या आजारातली सगळ्यांत घातक सवय आहे.

आता काही प्रकारांकडे जरा जवळून पाहू.

कॅरॉटिड धमनी कवटीत शिरल्यावर तिच्या पाठीवर, जिथे कोणतीही फांदी फुटत नाही अशा जागी, कधीकधी एक छोटासा फोड येतो. इंग्रजीत त्याला ब्लिस्टर म्हणतात. एकूण फुग्यांत तो शंभरात एखादा. रुग्णाला अचानक, आयुष्यात कधी दुखले नव्हते असे डोके दुखते, सीटी स्कॅनमध्ये रक्त दिसते, अँजिओग्राफी करतात तर काही सापडत नाही, किंवा दोन मिलिमीटरचा एक उंचवटा दिसतो आणि तो दुर्लक्षिला जातो. चार-आठ दिवसांनी पुन्हा फोटो काढला तर तोच उंचवटा दुप्पट झालेला असतो. खरे म्हणजे धमनीच्या भिंतीचे आतले थर तिथे फाटलेले असतात आणि वरचा एक पातळ थर व रक्ताची गुठळी एवढ्यावरच सगळे टिकलेले असते. मायक्रोस्कोपखाली तो कांद्याच्या ओल्या पापुद्र्यासारखा दिसतो. आत फिरणारे रक्त लालसर भोवऱ्यासारखे स्पष्ट दिसते. नेहमीच्या फुग्याच्या सवयीने तिथे क्लिप मिटली की फोड बुडापासून उखडतो आणि कॅरॉटिडलाच भोक पडते. अशा क्षणी ऑपरेशन थिएटरमध्ये कोणी मोठ्याने बोलत नाही. भूलतज्ज्ञ रक्त चढवायला लागतात आणि सर्जनने आधीच मानेत मोकळी करून ठेवलेली कॅरॉटिड दाबावी लागते. आधी मोकळी करून ठेवलेली, हे शब्द मी मुद्दाम लिहितो आहे. या आजारात शहाणा सर्जन मानेतली धमनी हाताशी आल्याशिवाय कवटीकडे वळत नाही.

अशा वेळी डॉट यांचे गुंडाळणे परत येते. धमनीभोवती कापडाची पट्टी फिरवून त्यावर क्लिप लावतात, किंवा थोरॉल्फ सुंट यांच्या नावाने ओळखली जाणारी, धमनीला कड्यासारखी वेढणारी क्लिप वापरतात. दुसरा मार्ग म्हणजे त्या जागेच्या वर आणि खाली दोन्हीकडे धमनी बंद करायची आणि मेंदूला रक्त पुरवायला नवी वाट शिवायची. तिसरा मार्ग अलीकडचा: आतून जाळीदार नळी बसवायची, म्हणजे फ्लो डायव्हर्टर. ही नळी टिकवायची तर रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या द्याव्या लागतात. आणि इथे तर कालच मेंदूत रक्तस्राव झाला आहे, कदाचित उद्या डोक्यातले पाणी काढायला नळी घालावी लागणार आहे. रक्त गोठायलाही हवे आणि गोठायलाही नको. या पेचाचे सगळ्यांना लागू पडेल असे उत्तर कोणाकडे नाही. या पुस्तकातल्या तीन लेखकांनी त्याची तीन उत्तरे दिली आहेत आणि संपादकांनी ती तिन्ही शेजारीशेजारी छापली, हे मला फार आवडले.

मानेच्या मागून वर जाणाऱ्या व्हर्टिब्रल धमनीत वेगळीच गोष्ट घडते. भिंतीच्या थरांमध्ये रक्त शिरते, थर सुटत जातात आणि धमनी एका जागी निमुळती, तर लगेच पुढे फुगलेली दिसते. जपानी डॉक्टरांनी या प्रकाराचा बारकाईने अभ्यास केला आहे. एकदा फुटलेली अशी धमनी पहिल्या काही तासांत, एक-दोन दिवसांत पुन्हा फुटण्याची धास्ती फार मोठी. त्यामुळे 'उद्या सकाळी बघू' इथे चालत नाही. दुसऱ्या बाजूची व्हर्टिब्रल चांगली असेल तर सुटलेल्या थरांचा भाग आतून कॉइलने पूर्ण बंद करणे हा सरळ मार्ग. पण लहान मेंदूला आणि मेंदूच्या देठाला रक्त देणारी फांदी नेमकी त्याच भागातून निघत असेल, तर ती बंद झाल्यावर माणूस गिळू शकेल का, चालू शकेल का, हा प्रश्न उभा राहतो. मग डोक्याच्या मागच्या कातडीखालची धमनी त्या फांदीला शिवून द्यावी लागते.

या शिवणकामाबद्दल थोडे सविस्तर लिहायलाच हवे. झुरिचच्या गाझी याशारगिल यांनी १९६७ मध्ये कानापुढची, बोटाला ठोका लागतो ती धमनी मेंदूच्या पृष्ठभागावरच्या धमनीला मायक्रोस्कोपखाली जोडली. केसाहून बारीक धागा, दीड-दोन मिलिमीटरचे तोंड, आणि शिवणारा हात श्वासाच्या लयीनेही हलता कामा नये. जगभर ही शस्त्रक्रिया पक्षाघात टाळण्यासाठी होऊ लागली. १९८५ मध्ये १,३७७ रुग्णांच्या अभ्यासाने दाखवले की त्या कामासाठी तिचा उपयोग नाही, आणि बहुतेक विभागांत ती जवळजवळ थांबली. निष्कर्ष रास्तच होता. पण हात शिकायचे थांबले त्याचा फटका भलत्याच रुग्णांना बसला, कारण महाकाय आणि मान नसलेल्या फुग्यांत बऱ्याचदा तेच शिवणकाम कामी येते. आज तीच अडचण दुसऱ्या रूपात समोर आहे. सोपे फुगे कॅथलॅबमध्ये जातात, ते योग्यच. त्यामुळे उघडून करायच्या वाट्याला फक्त अवघड फुगे उरतात. तरुण सर्जनने सोपे कधी केलेच नाहीत आणि पहिलाच समोर आला तो सगळ्यांत अवघड, हे आपण कसे चालवून घेतो? प्रयोगशाळेत कोंबडीच्या पंखातल्या धमनीवर रोज टाके घालण्याचा सराव अनेक ठिकाणी सुरू झाला आहे. तो सक्तीचा व्हावा असे माझे ठाम मत आहे.

महाकाय म्हणजे २५ मिलिमीटरच्या वरचा फुगा. तो बऱ्याचदा फुटण्याआधीच त्रास देतो. गाठीसारखा डोळ्याच्या नसेवर किंवा मेंदूच्या देठावर दाबतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत पुढच्या बाजूचे असे फुगे पाच वर्षांत ४० टक्के आणि मागच्या बाजूचे ५० टक्के फुटले होते. त्याच पाहणीत पुढच्या बाजूचे ७ मिलिमीटरच्या आतले, पूर्वी रक्तस्राव न झालेल्या माणसांतले फुगे जवळजवळ फुटलेच नव्हते. लहानाला घाबरून ऑपरेशन आणि मोठ्याला घाबरून काहीच नाही, अशी उलटी गोष्ट मी अनेक घरांत पाहिली आहे.

महाकाय फुग्यासाठी धमनी बंद करायची तर आधी परीक्षा घ्यावी लागते. एका आजोबांची ही परीक्षा मला चांगली आठवते. डाव्या कॅरॉटिडमध्ये लहान फुगा फुगवून रक्त अडवायचे आणि रुग्णाला जागे ठेवून बोलायला लावायचे. डावी बाजू म्हणजे भाषा आणि उजवा हात. "आजोबा, उजवी मूठ आवळा. आता पाढे म्हणा." आजोबा म्हणाले, "पाढे काय, पावकी-निमकी म्हणतो की." आणि खरोखरच कॅथलॅबच्या टेबलावर, अंगावर हिरवी चादर, वर एक्स-रेचा वाकलेला हात, अशा स्थितीत त्यांनी पावकी सुरू केली. पंधरा-वीस मिनिटे सगळे सुरळीत. मग ठरल्याप्रमाणे भूलतज्ज्ञांनी रक्तदाब मुद्दाम थोडा खाली आणला. पावकीचा एक आकडा चुकला, मग शब्द अडखळले, मग आजोबा नुसतेच आमच्याकडे पाहू लागले. फुगा ताबडतोब सोडला आणि मिनिटभरात आवाज परत आला. रक्तदाब न उतरवता परीक्षा संपवली असती तर ते पास झाले असते, आणि पुढे कधी जुलाब-उलट्यांनी रक्तदाब उतरला असता त्या दिवशी त्यांची वाचा गेली असती. त्यांना आधी नवी धमनी शिवावी लागली, नंतर जुनी बंद केली.

फ्लो डायव्हर्टरने या चित्रात मोठा बदल केला, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळालेल्या पहिल्या नळीत ४८ बारीक तारांची वीण होती. ती फुग्याच्या आत काहीच भरत नाही. मूळ धमनीतच बसते. रक्त तिच्या आतून सरळ पुढे जाते, फुग्यातले फिरणे मंदावते, तिथे गुठळी होते आणि जाळीवर हळूहळू नवी अस्तरपेशी चढते. ज्या फुग्याला मान नाही त्याच्यासाठी धमनीचीच नवी भिंत बांधण्याचा हा विचार मूलगामी आहे. पण ते काम महिन्यांचे आहे. ज्या अभ्यासावर मान्यता मिळाली त्यात सहा महिन्यांनी सुमारे ७४ टक्के आणि वर्षाने सुमारे ८७ टक्के फुगे पूर्ण बंद झाले होते. त्या मधल्या काळात अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चुकवून चालत नाही, आणि क्लोपिडोग्रेल आपल्याकडच्या बऱ्याच लोकांत पुरेसे लागू पडत नाही, त्यामुळे रक्ताची चाचणी करून ते पाहावे लागते. गावी परतलेल्या रुग्णाला दात काढायचा असतो, दातांचे डॉक्टर गोळ्या आठ दिवस बंद करायला सांगतात, आणि नळी गुठळीने बंद होते. म्हणून घरी सोडताना नुसत्या फाइलवर विसंबू नये. 'मेंदूत जाळी बसवली आहे, विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये' अशी ठळक मराठीतली चिठ्ठी रुग्णाच्या खिशात असावी. या पुस्तकाच्या परिशिष्टात तिचा नमुना आहे.

खर्चाचे बोललेच पाहिजे. फ्लो डायव्हर्टर एकटाच काही लाखांचा. बहुतेक कॉइल आणि कॅथेटर परदेशातून येतात. क्लिप त्या मानाने पुष्कळ स्वस्त. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे अनेक घरांवरचे कर्जाचे सावट टळले, पण दुर्मीळ फुग्याला लागणारे साहित्य ठरावीक पॅकेजात बसवताना ओढाताण होते, आणि त्यातून उपचाराची निवडच बदलते. एक गोष्ट आशेची आहे. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेने बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या निटिनॉल मिश्रधातूतून देशी फ्लो डायव्हर्टर तयार केला आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या एका उत्पादक कंपनीकडे सोपवले. तो पूर्ण चाचण्यांतून तावूनसुलाखून निघावा आणि आपल्या सरकारी रुग्णालयांपर्यंत पोचावा. मुंबईत महापालिकेच्या के.ई.एम.सारख्या रुग्णालयात होमी दस्तूर यांनी न्यूरोसर्जरी आणि नंतर उदय लिमये यांनी कॅथेटरचे उपचार रुजवले, ते गरिबांच्या खाटांजवळच. ती परंपरा महागड्या साहित्यापायी तुटू नये.

लहान मुलांतला एक प्रकार तर खऱ्या अर्थाने धमनीचा फुगाच नाही. मेंदूच्या मध्यातल्या गॅलेनच्या शिरेत धमन्या थेट उघडतात आणि ती शीर प्रचंड फुगते. नवजात बाळाचे हृदय एवढे रक्त ढकलताना थकते; बालरोगतज्ज्ञ हृदयाचा आजार शोधत राहतात आणि टाळूवर स्टेथोस्कोप टेकवायचे राहून जाते. उघडून केलेल्या शस्त्रक्रियेने यातली फार थोडी बाळे वाचत. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पियेर लाझोनियास यांनी कॅथेटरमधून त्या धमन्या एकेक करून, टप्प्याटप्प्याने बंद करण्याची आणि मुख्य म्हणजे हृदय सांभाळता येत असेल तर बाळ काही महिन्यांचे होईपर्यंत थांबण्याची शिस्त घालून दिली. २०२३ मध्ये बॉस्टनला आईच्या पोटातच, चौतिसाव्या आठवड्यात, हा उपचार केला गेला आणि बाळ जन्मल्यावर हृदय निकामी होण्याचे संकट आलेच नाही.

शेवटी जंतुसंसर्गाचे फुगे, जे पाश्चात्त्य पुस्तकांत दोन परिच्छेदांत संपतात आणि आपल्याकडे वॉर्डात दिसतात. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, हृदयाच्या झडपा खराब होतात. पुढे त्या झडपांवर जंतू वाढतात आणि त्यांचा एखादा कण सुटून मेंदूच्या टोकाकडच्या धमनीत अडकतो. काही दिवसांत भिंत पोखरली जाऊन फुगा तयार होतो. विल्यम ऑस्लर यांनी १८८५ मध्ये हे वर्णन केले होते. न फुटलेले बरेच फुगे चार ते सहा आठवडे शिरेतून दिलेल्या प्रतिजैविकांनी विरघळतात, म्हणून घाई करायची नसते. पण त्या काळात दर थोड्या दिवसांनी अँजिओग्राफी करावी लागते, कारण एक विरत असताना दुसरा वाढू शकतो. फुटलेला असेल तर ती टोकाची फांदीच आतून गोंदाने बंद करतात. झडपेचे ऑपरेशन आधी की मेंदूचे आधी, हा प्रश्न हृदयाच्या आणि मेंदूच्या डॉक्टरांनी एकत्र बसून सोडवायचा असतो, कारण झडप बदलताना रक्त खूप पातळ करावे लागते. यातल्या कित्येक फुग्यांची सुरुवात दर तीन आठवड्यांनी घ्यायच्या पेनिसिलीनच्या एका स्वस्त इंजेक्शनने थांबली असती. झडपेच्या जुन्या रुग्णाला ताप येत असेल आणि डोके दुखत असेल, तर तालुक्याच्या डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन आणि रक्ताचे कल्चर, दोन्ही पाठवावे. प्रतिजैविक त्याआधी सुरू झाले तर जंतू हाती लागत नाही.

पुस्तक कसे वाचावे याबद्दल संपादकांनी एक सोय केली आहे. प्रत्येक टिपणाच्या पहिल्या पानावर रुग्णाची हकीकत आणि उपचाराआधीची अँजिओग्राफी, एवढेच आहे. उपचार आणि त्याचा परिणाम पान उलटल्यावर. विद्यार्थ्यांनी पान उलटण्याआधी आपला बेत कागदावर लिहावा: कुठून जाणार, काय बंद करणार, काय वाचवणार, बिघडले तर पुढचे पाऊल काय. जमल्यास जोडीने लिहावा, एक जण सर्जरीचा आणि एक कॅथलॅबचा. जे रुग्ण दगावले त्यांची टिपणे वेगळी काढलेली नाहीत. ती बाकीच्यांतच मिसळलेली आहेत, आणि लेखकांनी कोणता निर्णय आज वेगळा घेतला असता तेही लिहिले आहे. नियतकालिकांकडे यशाचेच लेख जातात म्हणून अशी टिपणे एरवी कोणाच्या वाचनात येत नाहीत. ज्यांच्याकडे अशी आणखी प्रकरणे आहेत त्यांनी ती पुढच्या आवृत्तीसाठी पाठवावीत. वर्षानंतरची अँजिओग्राफी मात्र सोबत जोडावी.